आंबेदरीवरचे तीन दिवे

सावळीराम बोराडे यांना नाशिकरोडच्या कॉलनीत तोंडावर सगळे बोराडे साहेब म्हणत, पण पाठ वळली की त्यांचं नाव ‘तबकडी’. एकदा तर पोस्टमनच बोलून गेला, “तबकडी काकांचं पत्र आहे,” आणि जीभ चावून सायकलवर बसला. तसं या माणसात हसण्यासारखं एकही लक्षण नव्हतं. प्रेसमध्ये नोटांचे छापलेले कागद तपासायचं काम, सव्वीस वर्षांची नोकरी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एखाद्या नोटेवरची रेघ केसभर सरकली तरी त्यांची नजर बरोबर तिथं जाऊन अडकायची. संध्याकाळी गेटवर दोन्ही हात वर करून झडती द्यायची, घरी यायचं आणि आतलं अक्षर बाहेर काढायचं नाही. शेजारणी त्यांच्या बायकोला, मनीषाबाईंना, खोदून खोदून विचारायच्या, “नवी नोट येतेय म्हणे? कुठल्या रंगाची?” मनीषाबाई कढईवरची नजर न काढता सांगायच्या, “त्यांना विचारून उपयोग नाही. त्यांचं कामच तसं आहे.” नवी नोट निघाल्याचं मनीषाबाईंना स्वतःलासुद्धा किराणावाल्याकडून कळायचं.

मग असल्या माणसाच्या डोक्यात उडती तबकडी शिरली कुठून? तर गच्चीवरून.

तारीख १५ डिसेंबर १९९६, रविवार, चंपाषष्ठीची आदली संध्याकाळ. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट असलेल्या शेखरनं एक जुनी दुर्बीण पैदा केली होती आणि कॉलनीतल्या सात जणांचं ‘आकाश मंडळ’ काढलं होतं. सातातले पाच जण चहासाठी येत, तो भाग सोडा. त्या दिवशी शनी बघायचा बेत होता. सात वाजून वीस मिनिटांनी पश्चिमेला आंबेदरीच्या डोंगरावर एकदम तीन पिवळे दिवे उमटले. एका ओळीत, जागच्या जागी, किंचित खाली सरकत. दीड-दोन मिनिटं तसेच राहिले आणि मग डावीकडून एकेक करत विझले. आवाज नाही, काही नाही. शनी तिथंच राहिला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आता आंबेदरीच्या डोंगरामागं लष्कराची हद्द आहे, तोफांचा सराव चालतो, हे नाशिकरोडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण सरावाच्या दिवशी डोंगरावर लाल झेंडा लागतो, आदल्या दिवशी गावात नोटीस येते आणि धडधड सुरू झाली की इकडं मांडणीवरची भांडी वाजतात. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. शिवाय रविवार.

“म्हणजे लष्कर नाही,” शेखर म्हणाला. “विमान असं एका जागी थांबत नाही. मग उरलं काय, काका?”

सावळीरामांच्या अंगावर काटा आला होता. सव्वीस वर्षं चुका शोधण्यात गेली. आज पहिल्यांदा त्यांच्या नजरेस अशी गोष्ट पडली होती जी चूक नव्हती आणि बरोबरही नव्हती. खाली आल्यावर त्यांनी वेळ, दिशा, रंग सगळं वहीत लिहिलं आणि दिव्यांची आकृतीही काढली. दुसऱ्या दिवशी मनीषाबाई वेगळ्याच कारणानं चिडलेल्या. आंबेदरीची नवसाबाई आठवड्यातून दोनदा दारावर भाजी घेऊन यायची. भरतासाठी वांगी आणते असं कबूल करून ती आलीच नाही. खंडोबाचा नैवेद्य बाजारच्या वांग्यांवर भागवावा लागला. तेही सावळीरामांनी वहीत लिहून ठेवलं असतं तर पुढची दहा वर्षं वाचली असती. पण वांग्यांचा रकाना शेखरच्या फॉर्ममध्ये नव्हता.

फॉर्म होता बेचाळीस प्रश्नांचा. वस्तूचा क्षितिजाशी कोन किती, वर्तुळाकार की लंबवर्तुळाकार, असले प्रश्न. पुढच्या रविवारी मंडळ आंबेदरीला गेलं आणि दिवसभर हिंडून सदतीस फॉर्म भरून आणले. सगळ्यांवर एकच उत्तर: काय पाहिलं नाय. आम्ही झोपलो होतो. नवसाबाईनंसुद्धा अंगठा उठवून तेच सांगितलं, “दिवस मावळला की आम्ही आडवे होतो, भाऊ.”

शेखरला परतताना एसटीत बसवत नव्हतं. “काका, दिवे बरोबर यांच्या डोक्यावर होते. आणि एकालाही आठवत नाही! याचा अर्थ कळतो का? यांच्या आठवणी पुसल्यात!”

सावळीरामांनी मान डोलावली. अहो, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला अख्खं गाव झोपलं होतं म्हणे! जागरणाची वेळ ती. शिवाय ज्या गावाचं सरपंचावर कधी एकमत झालं नाही, त्या गावातली सदतीस माणसं एका वाक्यावर एकमत होतात, तेव्हा पाणी कुठंतरी मुरतंय हे ओळखायला दुर्बीण लागत नाही. पण शिकलेल्या माणसाला फॉर्मवर जे येतं तेच दिसतं.

दोन महिन्यांनी एका स्थानिक पेपरात सावळीरामांचा फोटो आला, हातात वही, वर ठळक अक्षरांत ‘आंबेदरीत तबकडी?’ प्रश्नचिन्ह लोकांनी लगेच काढून टाकलं. तबकडी हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

त्याच उन्हाळ्यात मंडळानं हद्दीवरच्या लष्करी कार्यालयात जाऊन भेटीची वेळ मागितली आणि आश्चर्य म्हणजे ती मिळाली. गेटवर पोचल्यावर शिपायानं काही म्हणायच्या आतच सावळीराम दोन्ही हात वर करून उभे राहिले. शिपाई हसला, शेखर ओशाळला. आतले साहेब मराठीच निघाले, तिशीतले, वागायला गोड. चहा दिला, वही चाळली, आकृती पाहिली. पाहताना भुवई जराशी हलली ती सावळीरामांनी टिपली.

“चित्र छान काढलंय, काका,” साहेब म्हणाले.

“ते दिवे तुमचे होते का, एवढंच सांगा.”

“सांगता येत नाही.”

“नव्हते, असं तरी सांगा.”

“तेही सांगता येत नाही.” साहेबांनी वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. “राग मानू नका. चहा घ्या, गार होतोय.”

घरी येऊन सावळीराम पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. ही काय पद्धत झाली? नागरिकाला साधं उत्तर मिळू नये? यांच्या पगाराला पैसे कुणाचे? मनीषाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, “तुम्ही तरी इतक्या वर्षांत मला काय सांगितलंत? त्या साहेबानं निदान चहा तरी दिला.” सावळीरामांनी वही कपाटात ठेवली. पण मनातून गेलं नाही.

वर्षं गेली. मंडळातले चहावाले पाच जण गळाले, दुसरे पाच आले. सावळीरामांनी दर वर्षी पंधरा डिसेंबरला एक पत्र पाठवलं आणि दर वर्षी उत्तर आलं नाही. त्यांची मुलगी तेजस्विनी त्या संध्याकाळी चौदा वर्षांची होती; ती शिकली, नोकरीला लागली. २००६ साली तिला स्थळ आलं. मुलगा ज्ञानेश, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, घर सटाण्याचं, वडील कांद्याचे व्यापारी. माणसं साधी आणि मोकळी. कांदेपोहे खाता खाता मुलाचे वडील अचानक आपल्या अहिराणी हेलात म्हणाले, “बोराडे म्हणजे ते तबकडीवाले बोराडे का तुम्ही? काय शे हो ती तबकडी? उतरली का नाही अजून?” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मनात वाईट काही नव्हतं, पण तेजस्विनी हातातला ट्रे टेबलावर आपटून आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. “बाबा, शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं. मी कधी बोलले नाही. आता एक तर खरं करून दाखवा, नाही तर बंद करा. मला सासरी तबकडीची पोर म्हणून जायचं नाही.”

ती रडली असती तर सावळीरामांना सोपं गेलं असतं. ती रडली नाही.

नशिबानं माहितीच्या अधिकाराचा कायदा नुकताच आला होता. शेखरनं अर्ज लिहिला, सावळीरामांनी सही केली. कधी नव्हे ते उत्तर आलं, तेही दीड महिन्यात. ‘सदर दिनांकास रविवार असल्याने कोणताही सराव झालेला नाही. अधिक माहिती देता येत नाही.’ शेखर नाचायचाच बाकी राहिला. लष्कर लेखी म्हणतंय आम्ही नव्हतो! म्हणजे दिवे दुसऱ्याच कुणाचे! जानेवारीत वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर सभा ठरली. पत्रकार येणार. लग्न तोवर ठरलं होतं; सावळीरामांनी सटाण्याला फोन करून होणाऱ्या व्याह्यांनाही आग्रहाचं बोलावणं केलं. तेजस्विनीला म्हणाले, “पहिल्या रांगेत बस.”

सभेच्या आठ दिवस आधी नवसाबाई मेथी देताना म्हणाली, “ताई, नातीचं बारसं हाय गुरुवारी. भाऊंना घेऊन या. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही, आलंच पाहिजे.”

गेले दोघे. अंगणात मांडव, शंभर माणसांची पंगत. नवसाबाईची सून मैना हिरव्या साडीत बसलेली आणि घराच्या आढ्याला बाळाची झोळी टांगलेली. बायका झोळीला झोका देत नाव घेत होत्या. सावळीराम बाळाच्या हातात अकरा रुपये ठेवायला वाकले, आणि त्यांची नजर अडकली.

झोळीचं कापड साडीचं नव्हतं. पातळ, गुळगुळीत, मळकट पांढरं, पाकळ्यांसारखे तुकडे जोडून शिवलेलं. शिवण मशीनची, पण आपल्याकडच्या शिंप्याची नव्हे. टांगलेली दोरी सुतळी नाही, विणलेली, करंगळीएवढी. आणि कडेच्या शिवणीपाशी छापील ओळ: एक बाणाची खूण, सात आकडी नंबर आणि साल १९९५. बाणाची तीच खूण त्यांनी हद्दीच्या गेटवर पिंपांवर पाहिली होती. इतक्या धुण्यांत शाई फिकी झाली होती, पण एकही आकडा गेला नव्हता. शाई चांगली आहे, हा विचार त्यांच्या मनात सगळ्यात आधी आला.

खिशातला कागद काढून त्यांनी नंबर उतरवून घेतला. हाताची सवयच तशी. मान वर केली तर नवसाबाई दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

“गोठ्याकडं चला, भाऊ,” ती म्हणाली.

गोठ्यात तिनं आडपडदा ठेवला नाही. “छत्रीचा दिवा म्हणतो आम्ही त्याला. वर फुटतो आन् छत्रीला लटकून जळत जळत खाली येतो. मिल्ट्रीवाले रात्रीचं उजेडासाठी सोडतात. कापड लय भारी, पावसात कुजत नाय. पण सापडलं की कचेरीत जमा करायचं, असा नेम हाय. माझ्या सासूच्या टायमाला एकानं ठेवून घेतलं, तर दोन साल हद्दीचं फाटक बंद केलं. आमची शेतं फाटकाच्या पल्याड हायत, भाऊ. मेथी तिकडूनच येती तुमच्या दारात.”

“पण त्या दिवशी झेंडा नव्हता, नोटीस नव्हती!”

“नव्हती. कुणाची काय चूक झाली, आम्हाला काय ठाव? दुसऱ्या दिवशी जीपवाले आले, काय सापडलं का विचारत घरोघर फिरले. मी वांगी टाकून छत्री कडब्यात लपवत बसले होते. आम्ही सांगितलं, झोपलो होतो. मग आठ दिवसांनी तुम्ही आलात, कागद घेऊन. आम्हाला वाटलं, तुम्हीबी त्यांचेच. जे त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगितलं.”

सावळीरामांनी मनातल्या मनात मोजलं. सदतीस फॉर्म, बेचाळीस प्रश्न, दहा वह्या. “दहा वर्षं दारात येताय, नवसाबाई,” ते कसंबसं म्हणाले. “नंतर एकदा तरी सांगायचंत.”

“तुम्ही कवा विचारलं? कागदावर विचारलं. भाजी घेताना कुठं विचारलं?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “सात लेकरं झुलली त्या झोळीत. आता तुम्ही वाचलंय. तुमच्या हातात हाय.”

परतताना रिक्षात सावळीराम खिशातला कागद पुन्हा पुन्हा चाचपत होते. मनीषाबाई बाहेर बघत म्हणाल्या, “गोठ्याच्या कुडाआडून सगळं ऐकू येत होतं. वांगी का आली नव्हती ते कळलं एकदाचं.” सावळीरामांनी दचकून पाहिलं. या बाईपासून आपण नोकरीभर गुपितं राखली, असं त्यांना उगाच वाटत होतं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत तेजस्विनी, ज्ञानेश आणि सटाण्याचे व्याही. शेखरनं लष्कराचं उत्तर वाचून दाखवलं, सदतीस फॉर्म फडकावले, आठवणी पुसल्याचा सिद्धांत मांडला आणि म्हणाला, “बोराडे काका नुकतेच आंबेदरीला जाऊन आलेत. आता ते पुरावा ठेवतील.”

सावळीराम उठले. खिशात तो कागद होता. एवढा नंबर वाचला की झालं. दिवे खरे होते, आपण वेडे नव्हतो, लेखी उत्तर चुकीचं होतं, तिन्ही गोष्टी एका ओळीत सिद्ध. हसणाऱ्यांची तोंडं कायमची बंद झाली असती. तेजस्विनी त्यांच्याकडे बघत होती, लहानपणी दुर्बिणीतून बघायची तशी. नंबर वाचायला त्यांनी कागद खिशातून बाहेर काढला. पण नंबर वाचला तर पहिला प्रश्न कापडाचा, आणि कापड म्हटलं की आंबेदरी, झोळी आणि फाटक. कागद मुठीत चुरगळला गेला.

“काय पाहिलंत आंबेदरीला?” पत्रकारानं विचारलं.

“सांगता येत नाही,” सावळीराम म्हणाले.

“म्हणजे काही नव्हतं?”

“तेही सांगता येत नाही.” आणि ते खाली बसले.

मागून कुणीतरी खो खो हसलं. सटाण्याचे व्याही छताकडे बघू लागले. तेजस्विनी उठून निघून गेली. शेखरचा चेहरा मात्र उजळला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, ‘तबकडी संशोधकावर लष्कराचा दबाव?’ मंडळाला एका महिन्यात चाळीस नवे सभासद मिळाले. सगळ्या आयुष्यात सावळीरामांनी तबकडीचा एवढा भक्कम पुरावा कधी दिला नव्हता.

लग्न मोडलं नाही. ज्ञानेश म्हणाला, मला सासऱ्यांशी लग्न करायचं नाही. पण तेजस्विनी वडिलांशी लग्नाच्या दिवशीही तुटक बोलली. निघायच्या आधी एकदाच जवळ आली. “बाबा, काय होतं ते? मला तरी सांगा.”

सावळीरामांचे ओठ हलले. मनीषाबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. “त्यांना विचारू नकोस गं. त्यांचं कामच तसं आहे.”

तेजस्विनीनं हात झटकला. तिची गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा सावळीराम सगळ्यांदेखत रडले. लोक म्हणाले, बापाचं काळीज.

२००८ साली ते निवृत्त झाले. गेटवर शेवटची झडती दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं उठून गच्चीवर जाऊन बसले. त्याच हिवाळ्यात तेजस्विनी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बारशाला सगळी कॉलनी, सटाण्याची मंडळी, शेखर आणि मंडळाचे सभासद असा घरभर गोतावळा. नवसाबाई आली ती भाजीची पाटी न घेता. हातात धुऊन घडी घातलेलं कापड होतं.

“ताई, आमच्याकडं आता कोण झुलायचं राह्यलं नाय. या झोळीत पोरं किरकिर करत नाय. आपल्या नातवाला घ्या.”

सावळीराम खुर्चीतून अर्धे उठले. पण नवसाबाईनं कापड थेट तेजस्विनीच्या हातात दिलं होतं. तेजस्विनीनं घडी उलगडली, कापड बोटांनी चाचपलं आणि शिवणीपाशी थांबली. बापाचीच नजर ती.

“मावशी, हे आकडे कसले? हा बाण?”

नवसाबाईनं सावळीरामांकडे पाहिलं. सावळीरामांनी मान हलवली, हो म्हणून. नवसाबाई झोळीची गाठ बांधायच्या निमित्तानं वाकली आणि तेजस्विनीच्या कानाशी लागून बरंच काही बोलली. तेजस्विनी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं एकदा नवसाबाईच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं आणि मग समोर, वडिलांकडे. तिचे डोळे भरून आले. शेजारची बाई म्हणाली, बाळंतिणीनं रडू नये.

तेजस्विनीनं छापील कड आतल्या बाजूला दुमडली, चापून चोपून बसवली आणि वर बाळाला ठेवलं.

सगळ्यांनी आळीपाळीनं झोका दिला. शेखरनंही दिला. कापडावरून हात फिरवत तो म्हणाला, “काय मजबूत आहे हो! वजनाला काहीच नाही. असलं कापड कुठं मिळतं, तेजू?”

“सांगता येत नाही, काका,” तेजस्विनी म्हणाली, आणि पेढ्यांचं ताट घेऊन आधी बाबांकडे गेली.